मेंदूचा स्वकीय वैरी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ कोल्हापूरजवळच्या उचगावची ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी असे सांगतात की शांत मूल एकाएकी बिथरले, किंवा काल पाठ असलेली कविता आज त्याला आठवेनाशी झाली, तर छडी हाती घेण्यापूर्वी ते त्या मुलाच्या घरी जाऊन आईबापांकडे चौकशी करून येत. चालकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपवली, तेव्हा गुरुजींच्या या परिपाठाला साजेल असाच एक विषय वैद्यकाच्या दप्तरातून काढून आपल्यापुढे ठेवावा असे मला वाटले. काही दिवसांच्या अथवा फार तर काही आठवड्यांच्या अवधीत धडधाकट माणसाची झोप उडते, बोलणे असंबद्ध होते, स्मृती ढासळते, झटके येऊ लागतात, आणि या साऱ्याच्या मुळाशी ना जंतू सापडतो, ना शोक, ना कोणाची करणी. तेथे सापडते ती त्याच माणसाच्या शरीराची संरक्षणशक्ती, जी आपल्याच मेंदूवर उलटलेली असते. डॉक्टर मंडळी या रोगाला ऑटोइम्यून एन्सेफलायटिस म्हणतात; मराठीत त्यास स्वप्रतिकारजन्य मस्तिष्कदाह म्हणावे. हा रोग पुष्कळ वेळा इलाजाच्या टप्प्यातला असतो. मात्र तो वेळेवर ओळखला जाण्याची मदार, यंत्रे आणि तपासण्या कितीही सुधारल्या तरी, घरच्या माणसाने दाराशी उभे राहून सांगितलेल्या हकीकतीवर आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

मस्तिष्कदाहाला बोलीत मेंदूज्वर म्हणतात, आणि तो महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू आढळला आणि त्या लहानशा वस्तीचे नाव जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत कायमचे दाखल झाले. पुढे २००३ साली आंध्र प्रदेशात आणि महाराष्ट्रात याच विषाणूने कित्येक बालकांचे प्राण एकदोन दिवसांच्या आजारात घेतले. भाताच्या खाचरांतील डासांमार्फत पसरणारा जपानी मेंदूज्वर आहे, हर्पीस विषाणूचा मेंदूज्वर आहे, क्षयाचाही आहे. या सर्वांत शत्रू बाहेरून येतो, आणि त्याला हुडकून काढणे हेच वैद्याचे पहिले काम ठरते. पण ज्या मेंदूज्वरात बाहेरचा शत्रू मुळी नसतोच, त्याची पहिली ओळख आपल्या देशाला एका अगदी निराळ्या वाटेने झाली, आणि ती वाट आपल्यापैकी वडीलधाऱ्यांच्या प्रत्यक्ष स्मरणातली आहे.

कुत्रे चावले की पोटात चौदा इंजेक्शने, हे वाक्य ऐकून ज्याच्या पोटात गोळा उठला नाही, असा मनुष्य मागच्या पिढीत विरळा. ती लस कशाची बनत असे, याची चौकशी मात्र सहसा कोणी केली नाही. १८८५ च्या जुलै महिन्यात लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषापासून वाचवले, ते सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून तयार केलेल्या लशीने. हिंदुस्थानात १९०० साली कसौली येथे आणि १९०७ साली कुन्नूर येथे पाश्चर संस्था निघाल्या. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ साली आलेल्या प्लेगच्या प्रयोगशाळेला १९२५ साली तिचे संस्थापक हाफकिन यांचे नाव मिळाले, आणि मुंबई इलाख्याला रेबीजची लस पुरवण्याचे काम ती संस्था करीत असे. १९११ साली कसौलीच्या डेव्हिड सेम्पल यांनी मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून, तो मेंदू वाटून, कार्बोलिक आम्लाने त्यातील विषाणू मारून लस तयार करण्याची रीत बसवली. ही लस स्वस्त होती, देशात तयार होत होती, आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानंतर लक्षणे एकदा सुरू झाली की मरण अटळ असल्यामुळे तिने असंख्य माणसांना जीवदान दिले, ही गोष्ट कृतज्ञतेने नमूद केली पाहिजे.

परंतु त्या लशीबरोबर मेंढीच्या मेंदूचा अंशही दररोज माणसाच्या पोटाच्या कातडीखाली जात असे. बहुतेकांना त्याची काही बाधा होत नसे. काहींना मात्र, पहिल्या सुईपासून साधारण दोन आठवड्यांच्या सुमारास, ताप येऊन डोके दुखू लागे, पाय लुळे पडत, लघवी अडे, ग्लानी येई, आणि यातले काही दगावत. या अपघाताचे प्रमाण निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदींत काही शेकड्यांत एक येथपासून काही हजारांत एक येथपर्यंत आढळते. आरंभी लशीतल्या विषाणूवरच संशय घेण्यात आला, आणि तो स्वाभाविक होता. या संशयाचा निवाडा १९३३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत झाला: टॉमस रिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूचा लवलेशही नसलेल्या निरोगी सशाच्या मेंदूचा अर्क माकडांना पुनःपुन्हा टोचला, आणि काही माकडांना तसाच पक्षाघात झाला. अपराध विषाणूचा नव्हता; परक्या मेंदूशी वारंवार गाठ पडल्याने शरीराची संरक्षक फौज मेंदूच्या द्रव्याविरुद्धच शिकून तयार होत होती, आणि मेंढीच्या मेंदूतले ते द्रव्य मनुष्याच्या मेंदूतल्या द्रव्याशी मिळतेजुळते असल्यामुळे तिला आपपरभाव उरत नव्हता. मज्जातंतूंवरच्या ज्या स्निग्ध वेष्टनाला मायलिन म्हणतात, ते या हल्ल्याचे मुख्य लक्ष्य होते. म्हणूनच ज्यांच्या मेंदूत मायलिन अद्याप फारसे धरलेले नसते अशा नवजात उंदरांच्या मेंदूपासून पुढे जी लस काढण्यात आली, तिच्याने असे अपघात पुष्कळ कमी झाले. १९८७ साली थायलंडमधील अशा रुग्णांच्या शरीरात मायलिनच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, प्रत्यक्ष दाखवून देण्यात आली. आपल्या देशात मेंढीच्या मेंदूच्या लशीचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आजची लस पेशींच्या संवर्धनावर वाढवलेली असते, तीत मेंदूचा अंश नसतो, ती दंडात देतात, आणि सुयाही थोड्याच लागतात. तेव्हा या कथनातून कुत्रे चावल्यावर लस टाळावी असा अनर्थ कोणी काढू नये. असा अनर्थ प्राणावर बेतेल.

सेम्पलच्या लशीने शिकवलेला धडा असा, की मेंदूचे द्रव्य नको त्या ठिकाणी शरीराच्या पहारेकऱ्यांच्या नजरेस पडले, तर कधीकधी ते पहारेकरी मूळ मेंदूवरच चालून जातात. सुईवाचूनही असे घडू शकते, याचा एक ठळक दाखला पुढे मिळाला. २००७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. भ्रम, झटके, बेशुद्धी, श्वास मंदावणे असा त्यांचा आजार होता, बहुतेकींच्या बीजांडकोषात टेराटोमा नावाची गाठ होती, आणि सर्वांच्या शरीरात मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टर नावाच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे सापडली. टेराटोमा ही विलक्षण गाठ आहे. तीत केस, दात, आणि कित्येकदा मज्जासंस्थेची ऊतीही असते. कसौलीच्या लशीने मेंढीचा मेंदू पोटाच्या कातडीखाली नेला होता. येथे निसर्गानेच मेंदूचा तुकडा ओटीपोटात नेऊन ठेवला होता. तिसरी वाट हर्पीसची. तो विषाणू मेंदूच्या पेशी फोडतो, त्यांतले द्रव्य बाहेर पडते, आणि विषाणूचा बंदोबस्त झाल्यावर काही आठवड्यांनी रुग्ण पुन्हा बिघडतो, तो या वेळी स्वतःच्या प्रतिपिंडांमुळे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील पाहणीत हर्पीस मेंदूज्वराच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे सत्तावीस जणांना असा दुसरा आजार झाल्याचे आढळले. पुष्कळ रुग्णांत, विशेषतः लहान मुलांत, यांतले कोणतेच निमित्त सापडत नाही, हेही सांगितले पाहिजे.

एनएमडीए रिसेप्टर हे स्मृती, शिकणे आणि भोवतालच्या वास्तवाचे भान यांचे एक प्रमुख साधन आहे. तालुक्याच्या इस्पितळांत भुलीसाठी वापरले जाणारे केटामाइन हे औषध याच रिसेप्टरला बंद पाडते, आणि त्या भुलीतून उठताना रुग्ण काहीबाही बरळतो, नसलेली माणसे पाहतो, हे परिचारिकांना चांगले ठाऊक असते. या आजारात प्रतिपिंडे त्या रिसेप्टरांना जखडतात आणि पेशी ते पृष्ठभागावरून आत ओढून घेते. म्हणजे केटामाइनची भूल जणू दिवसचे दिवस, आठवडेच्या आठवडे उतरतच नाही. मात्र सेम्पलच्या लशीच्या अपघातात मायलिनचा प्रत्यक्ष नाश होई, तसा येथे बहुधा होत नाही; प्रतिपिंडे हटली की रिसेप्टर पुन्हा जागेवर येतात. अत्यवस्थ झालेला रुग्णही पुष्कळदा परत उभा राहतो, याचे कारण येथे आहे.

आता हा आजार घरात कसा प्रवेश करतो ते पाहू. पुढील चित्र कोणा एकीचे नसून अनेक रुग्णांत दिसणाऱ्या क्रमाचे आहे. महाविद्यालयात जाणारी मुलगी. चार दिवस अंग मोडून येते, डोके दुखते, थोडा ताप येतो, आणि औषधाने तो जातो. मग तिची झोप उडते. रात्री दोन वाजता ती कपाटातले कपडे काढून पुन्हा घड्या घालीत बसते, भावाचा फोन आपल्यावर पाळत ठेवतो असे म्हणते, आईने वाढलेल्या आमटीचा वास घेऊन ताट बाजूला सारते. आठवडाभरात तिचे बोलणे आधी भरधाव सुटते, मग तुटक होते, मग एकच शब्द घोळत राहतो, आणि अखेर थांबते. डोळे उघडे असतात, पण ओळख नसते; ओठ व जीभ सारखी चघळल्यासारखी हलत राहतात, बोटे हवेत काही तरी उसवीत असावीत तशी चालतात. एखाद्या रात्री फिट येते, नाडी कधी धावते कधी मंदावते, आणि श्वासासाठी यंत्र लावण्याची पाळी येते. लहान मुलांत आरंभ बहुधा निराळा असतो: पाच वर्षांचे मूल बोलायचे थांबते, चालताना झोकांड्या देते, एक हात वाकडा करून धरते, फिट येतात, रात्ररात्र रडते, हट्टीपणा इतका वाढतो की घरचे त्याला लाडावलेले समजतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या पाहणीत सर्वांत लहान रुग्ण आठ महिन्यांचा आणि सर्वांत मोठा पंच्याऐंशी वर्षांचा होता, आणि दर पाचांत चार स्त्रिया अथवा मुली होत्या.

साठीच्या पुढच्या पुरुषांत याच कुळातला दुसरा एक आजार आढळतो. त्यातील प्रतिपिंडे एलजीआय१ नावाच्या प्रथिनाविरुद्ध असतात. म्हातारा सकाळी ओट्यावर चहा घेत बसलेला असतो. एकाएकी तोंडाची एक बाजू आणि त्याच बाजूचा हात क्षणभर आखडतो, कपातला चहा धोतरावर सांडतो, आणि लगेच सारे पूर्ववत होते. दिवसातून हे कित्येक वेळा घडते. घरचे म्हणतात हात थरथरतो, वयच झाले. पुढे काही आठवड्यांनी तो नुकतीच झालेली जेवणाची वेळ विसरतो, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतो, आणि रक्त तपासले तर कित्येकदा त्यातले सोडियम उतरलेले असते. हा आखडा वेळीच ओळखून औषध सुरू केले, तर पुढचा स्मृतिभ्रंश पुष्कळदा टाळता येतो.

तपासणीविषयी एका भयाचे निवारण करणे अवश्य आहे. मणक्यातले पाणी काढले की मनुष्य कायमचा पांगळा होतो, हा समज आपल्याकडे इतका घट्ट आहे की कित्येक आप्त केवळ या नावाने रुग्णाला उचलून घरी नेतात. सुई जेथे टोचतात तेथपर्यंत मज्जारज्जू पोचलेलाच नसतो, तो त्याच्या वरतीच संपतो. काहींना काही दिवस डोकेदुखी राहते, पण पांगळेपणाचे भय धरण्याचे कारण नाही. या पाण्यात वाढलेल्या पेशी दिसतात, जंतू आहेत की नाहीत ते कळते, आणि एनएमडीएची प्रतिपिंडे रक्तात सापडली नाहीत तरी येथे सापडू शकतात. एमआरआय कित्येकदा साफ येते, आणि फोटो चांगला आला म्हणून निश्चिंत होणे हा मोठा धोका आहे. उलट ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत्प्रवाहाचा आलेख, बहुतेक रुग्णांत बिघडलेला असतो. प्रतिपिंडांचा अहवाल यावयास दिवस लागतात. इतर कारणे शक्यतो दूर करून, अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत, अशी आज तज्ज्ञांची रीत आहे. शिरेतून स्टेरॉइड, निरोगी दात्यांच्या रक्तातून काढलेले इम्युनोग्लोब्युलिन, अथवा रक्तातला द्रव बदलणे हे पहिल्या फळीचे उपाय. त्यांनी उतार न पडल्यास रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फमाइड. आणि गाठ असल्यास ती काढणे. वर सांगितलेल्या ५७७ रुग्णांच्या पाहणीत पहिल्या उपचारांनी चार आठवड्यांत निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांना उतार पडला, आणि दोन वर्षांच्या मुदतीत दहांपैकी सुमारे आठ जण आपले आपण व्यवहार करू शकण्याइतके सुधारले. सुधारणा येते ती मंद गतीने, आणि आजार ज्या क्रमाने चढला त्याच्या उलट्या क्रमाने. प्रथम श्वास, मग डोळ्यांची ओळख, मग बोलणे, आणि सर्वांत शेवटी एकाग्रता व स्वभाव. शाळेत परतलेल्या मुलाचे गणित वर्षभर कच्चे राहिले, तर तो आळस समजू नये. आजार उलटण्याचा संभव दोन वर्षांत साधारण आठांत एकाला असतो.

खर्चाचे नाव घेताच पुष्कळांचा धीर खचतो, आणि तो अकारण खचतो असे म्हणवत नाही. इम्युनोग्लोब्युलिन महाग आहे, आणि अतिदक्षता विभागातले दिवस त्याहून. तथापि स्टेरॉइड तुलनेने स्वस्त आहे आणि आरंभ त्याने करता येतो. शिवाय कोल्हापुरात थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरमध्ये, गेल्यावर प्रथम सरकारी आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राची गाठ घेऊन तीतून काय मिळते याची तपशीलवार चौकशी करावी. जमीन गहाण टाकण्याचा विचार त्यानंतर.

या आजाराने बिथरलेली मुलगी पाहून शेजारची वृद्धा लागिर झाले म्हणते, तेव्हा मला तिचा राग येत नाही. डोळ्यांना जे दिसते त्याला पिढ्यान्पिढ्या तिच्यापाशी तेवढे एकच नाव होते. राग येतो तो त्या नावावर दुकान मांडणाऱ्याचा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्राने जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या मिषाने मारहाण करणे गुन्हा ठरवले आहे, आणि कुत्रा, साप, विंचू यांच्या दंशावर वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून गंडेदोरे करणे हाही गुन्हा ठरवला आहे. आजच्या आपल्या कथेची दोन्ही टोके, पिसाळलेले कुत्रे आणि बिथरलेली मुलगी, त्या एका कायद्यात योगायोगाने शेजारी शेजारी बसली आहेत. ज्याला एवढ्यावरही करणीचा संशय सोडवत नसेल, त्याने बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातल्या क्नूट या ध्रुवीय अस्वलाची हकीकत ध्यानात घ्यावी: २०११ च्या मार्चमध्ये ते लोकांच्या देखत झटका येऊन पाण्यात पडून मेले, आणि २०१५ साली त्याला हाच एनएमडीए रिसेप्टरचा आजार असल्याचे निष्पन्न झाले. त्या अस्वलाची भाऊबंदकी होती असे माझ्या ऐकिवात नाही.

याच्या उलट टोकाची चूकही होऊ देऊ नये. प्रत्येक उदासीनता, प्रत्येक स्किझोफ्रेनिया हा प्रतिपिंडांचाच खेळ आहे असे मानून मनोविकाराची चालू औषधे बंद करणे घातक ठरेल. अलीकडे तज्ज्ञांनीच दाखवून दिले आहे की हे निदान नसलेल्या ठिकाणीही केले जाते आणि रुग्णाला तीव्र औषधांचा नाहक त्रास होतो. केवळ मानसिक लक्षणांवरच थांबणारे रुग्ण या आजारात अगदी थोडे. बहुतेकांत लवकरच फिट, विचित्र हालचाली, बोलणे बंद होणे, ग्लानी यांपैकी काही तरी जोडीला येते. म्हणून पारख करावयाची ती दोन गोष्टींवरून: बिघाड किती झपाट्याने झाला, आणि त्याच्याबरोबर काय काय आले.

आणि या दोन गोष्टींचा साक्षीदार डॉक्टर नसतो. त्याच्यापुढे रुग्ण येतो तो आजाराच्या मधल्या एखाद्या पानावर. आधीची पाने घरच्यांनी पाहिलेली असतात. पहिल्या डॉक्टरला ताप सांगितला जातो, दुसऱ्याला झोप, तिसऱ्याला संशयी बोलणे, चौथ्याला फिट. चौघेही आपापल्या परीने बरोबर औषध देतात, आणि आजार मात्र कोणालाच सबंध दिसत नाही. यावर उपाय इतका साधा आहे की सांगताना संकोच वाटावा. मुलाच्या वहीतले एक पान घ्यावे. ताप कोणत्या तारखेला आला, झोप कोणत्या रात्रीपासून गेली, पहिले असंबद्ध वाक्य कोणते, फिट केव्हा, कोणत्या बाजूला, किती वेळ, कोणते औषध कधी सुरू झाले आणि त्यानंतर प्रकृती सुधारली की अधिक बिघडली, हे सारे तारीखवार लिहावे. शक्य असेल तर विचित्र हालचालींचे मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. आणि ते पान व ते चित्रण प्रत्येक डॉक्टरपुढे प्रथम ठेवावे. देवाला नवस बोलावयाचा असेल तर खुशाल बोलावा. त्यासाठी इस्पितळात जाणे तहकूब करू नये. फिट आली असता तोंडात चमचा घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये; एका कुशीवर वळवून घड्याळ पाहावे, आणि पाच मिनिटांत ती थांबली नाही तर तडक वाहन काढावे. पूर्वी या भागातला अवघड रुग्ण मिरजेला नेत, आणि त्यात दिवस जाई. आज उचगावच्या पुलावरून शहरातल्या इस्पितळात पोचावयास फारसा वेळ लागत नाही. विलंब होतो तो रस्त्यामुळे नव्हे, घरातल्या मसलतीमुळे.

मेंदूतज्ज्ञांनी या रोगाचे जे ज्ञान मिळवले, ते माकडांच्या पिंजऱ्यांतून, प्रयोगशाळांतून आणि शेकडो रुग्णांच्या यातनांतून आलेले आहे; त्याचा लाभ या गावातल्या एखाद्या मुलीला मिळावयाचा असेल, तर तिच्या आजाराच्या पहिल्या आठवड्यात कोणी तरी तिला वेडी किंवा झपाटलेली न ठरवता आजारी मानून तारखा लिहून ठेवलेल्या असल्या पाहिजेत. ते काम करावयास पदवी लागत नाही. गुरुजींनी गावाला जी अक्षरओळख करून दिली, तेवढी त्याला पुरेशी आहे.